माइक वेबस्टर : फळीच्या मधोमध १७ हंगाम

अमेरिकन फुटबॉलमध्ये सेंटर दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देतो आणि त्याच क्षणी समोरच्या धिप्पाड गड्याला अडवतो. गुण मात्र त्याच्या नावावर सहसा लागत नाहीत. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या माइक वेबस्टरला पिट्सबर्ग स्टीलर्स या व्यावसायिक संघाने १९७४ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीच्या पाचव्या फेरीत घेतले. इतक्या उशिरा, हे आज नवलाचे वाटते. तेथील १५ हंगामांत त्याने चार सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक लीगचे अंतिम सामने, जिंकले. अखेरचे दोन हंगाम कॅन्सस सिटीत गेले. १९९७ मध्ये हॉल ऑफ फेमचा मान मिळाला, तेव्हा त्याची स्मृती ढासळत होती आणि कधीकधी तो गाडीतच झोपत असे. २००२ मध्ये पन्नासाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदन करणारे डॉ. बेनेट ओमालू यांना त्याच्या मेंदूत सीटीई हा डोक्यावरच्या वारंवार आघातांशी जोडलेला आजार आढळला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांवर लीगच्या वैद्यकीय समितीने आक्षेप घेतला. पुढे हजारो माजी खेळाडू लीगविरुद्ध न्यायालयात गेले.