छपरावरचे पाणी आणि शाळा

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शहरासाठी आजव्याचा जलाशय बांधविला तोही त्यांनीच. विद्या आणि पाणी यांचा हा संबंध मला विद्यार्थिदशेतच उमगला. उन्हाळ्यात आमच्या शाळेतील माठ दुपारीच रिकामे होत आणि काही मुली घरचे पाणी भरण्यासाठी वर्गाला मुकत.

पुढे अहमदाबादेच्या पोळांतील जुन्या घरांत चौकाखालची टाकी पाहिली. पहिल्या पावसाने छप्पर धुऊन निघाले, की नंतरचे पाणी त्यांत उतरवीत. अंधारात झाकलेले ते पाणी वर्षभर पिण्यास पुरे.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. छप्पर २०० चौरस मीटर व पाऊस ९०० मिलिमीटर धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला, तरी १,४४,००० लिटर उरते. ३०० मुलांना रोज दोन लिटर दिल्यास शाळेचे २४० दिवस त्यात निभावतात.

महाराजांनी मुलांना शाळेत आणले. ती तहानेपायी परतू नयेत, एवढी व्यवस्था आपण शाळेच्या अंगणात एक टाके बांधून करावी, अशी माझी नम्र विनंती आहे.