घरून ऑफिसच्या संगणकापर्यंत : एका तारेचा इतिहास

घरी बसून ऑफिसचा संगणक चालवायचा, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांच्या घरात मार्च २०२० मध्ये शिरली. म्हणून आपण ती कोविडची देणगी समजतो. प्रत्यक्षात तेव्हा तिला ८० वर्षं होत आली होती. आज आपण तिचा माग काढू या, आणि एक प्रश्न हाताशी ठेवू या : या दाराची किल्ली कोणाकडे होती?

सुरुवात होते ती, गंमत बघा, एका घरातच. १९३७ साली बेल लॅबोरेटरीजमधले गणितज्ञ जॉर्ज स्टिबिट्झ यांनी टेलिफोनचे रिले घरी आणले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बेरीज करणारं छोटं यंत्र जुळवलं. त्यातूनच पुढे न्यूयॉर्कमध्ये संमिश्र संख्यांची आकडेमोड करणारं मोठं यंत्र उभं राहिलं. ११ सप्टेंबर १९४० रोजी डार्टमथ कॉलेजात गणितज्ञांची परिषद होती. एवढं धूड तिथे न्यायचं कसं? स्टिबिट्झ यांनी फक्त टेलिप्रिंटर नेला. गणित तारेवरून न्यूयॉर्कला गेलं, उत्तर तारेवरून परत आलं. दूरच्या संगणकावर काम झाल्याचा हा पहिला जाहीर प्रयोग.

पण तेव्हा एका वेळी एकालाच काम करता येई. १९६१ मध्ये एमआयटीत फर्नांडो कोर्बाटो आणि सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांत वाटून देणारी यंत्रणा दाखवली. आता प्रत्येकाची फाइल वेगळी, म्हणून पासवर्ड आला. आणि पासवर्ड आला की चोरी आलीच! १९६२ मध्ये तिथल्याच ॲलन शेर या संशोधकाने पासवर्डची सगळी यादी छापून घेतली. कशासाठी? आठवड्याला ४ तास मिळत, ते पुरत नव्हते म्हणून. म्हणजे त्या काळी माणूस यंत्राचा वेळ चोरत होता. हे लक्षात ठेवा.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये स्टेफनी शर्ली यांनी एक कंपनी काढली. मुलं झाल्यावर नोकरी सुटलेल्या बायका घरी बसून प्रोग्रॅम लिहीत. तेही कागदावर, पेन्सिलीने! घरात संगणक नव्हताच. शर्ली फोनवर बोलताना टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप लावत, मागे बाळाचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून. घर लपवलं तरच काम मिळे.

पुढे १९६९ मध्ये टेलनेट आलं, पण त्यावरून पासवर्ड उघडाच जाई. वाटेत कोणीही वाचावा. १९९५ साली हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात असेच पासवर्ड चोरले गेले, तेव्हा टाटू युलोनेन यांनी सगळी देवाणघेवाण सांकेतिक करणारं एसएसएच लिहिलं. दाराला खरं कुलूप लागलं ते तेव्हा.

आता भारतात येऊ. आपल्याकडे अडचण तंत्राची कमी, नियमांची जास्त होती. कॉल सेंटर आणि तत्सम कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना घरून जोडायचं तर दूरसंचार विभागाच्या अटी आणि अनामत रक्कम आड येई. १३ मार्च २०२० रोजी या अटी सैल झाल्या; २५ मार्चपासून टाळेबंदी. हिंजवडीचं ऑफिस पुण्यातल्या जेवणाच्या टेबलावर आलं.

म्हणजे काय झालं? यंत्रापर्यंत माणूस पोचावा म्हणून तार ओढली होती. तिच्यावरून आता ऑफिसही माणसापर्यंत पोचतं, रात्री ११ वाजताही. चोराला अडवणारं कुलूप आपण १९९५ मध्ये तयार केलं; साहेबाला अडवणारं कुलूप अजून व्हायचंय. फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा त्याहून अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना याबाबत कामगारांशी वाटाघाटी करायला लावल्या. आपल्याकडे २०१८ मध्ये सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर संपर्क नाकारण्याच्या हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. त्याचा कायदा झाला नाही.

शेर यांना यंत्राचे जास्त तास हवे होते. आपल्याला आपलेच तास परत हवे आहेत. घरून काम करणं ही सोय आहेच. लहान मूल असलेल्या आईला, अपंग माणसाला, रोज दोन तास लोकलला लटकणाऱ्याला ती विचारून बघा. म्हणून ही तार तोडायची नाही. ती आपल्या बाजूनेही बंद करता आली पाहिजे, एवढंच. इथे आपण थांबू आणि प्रश्नांकडे वळू.