बागेतील अल्पदाब प्रकाशयोजना

बागेतील अल्पदाब प्रकाशयोजना म्हणजे घराभोवतीची बाग, अंगण व पायवाट उजळण्यासाठी १२ किंवा २४ व्होल्ट दाबावर चालणाऱ्या दिव्यांची मांडणी होय.

रचना

भारतातील घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा असतो. रोहित्र, म्हणजेच ट्रान्सफॉर्मर, हा दाब उतरवून केबलद्वारे दिव्यांना वीज पुरवते. दाब कमी झाल्याने विद्युतप्रवाह वाढतो. ६० वॉटच्या भाराला २३० व्होल्टवर सुमारे पाव अँपिअर, तर १२ व्होल्टवर ५ अँपिअर प्रवाह लागतो. त्यामुळे बारीक केबल वापरल्यास शेवटचे दिवे मंद होतात व जोड तापतात.

सुरक्षितता

या योजनेतील विजेच्या धक्क्याचा मुख्य धोका दिव्यांपाशी नसून रोहित्राच्या २३० व्होल्टच्या बाजूस असतो. ओल्या त्वचेचा विद्युतरोध घटतो. पनवेलसारख्या कोकणातील शहरात जून ते सप्टेंबर या काळात जमीन ओली राहत असल्याने हा धोका वाढतो. म्हणून रोहित्राची दोन्ही वेटोळी परस्परांपासून विलग असावी लागतात. ते पाणी साचण्याच्या पातळीहून उंच, भिंतीवर बसवतात. त्याच्या पुरवठ्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आवश्यक ठरतो. मात्र रोहित्रापुढील अल्पदाब बाजूचा दोष आरसीसीबीला कळत नाही. तेथे स्वतंत्र फ्यूज लागतो.

पावसाच्या माऱ्यासाठी आयपी ६५, तर पाणी साचणाऱ्या जागी आयपी ६७ दर्जाचे दिवे वापरतात. केबलचे जोड जलरोधक असावे लागतात. २३० व्होल्टच्या बाजूचे काम परवानाधारक वीज कंत्राटदाराकडून करून घेतले जाते.