धुळीची पेटी आणि तिचे झाकण

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहण्याची चाल महाराष्ट्रातील अनेक घरांतून अजूनही पाळली जाते. केरसुणीचा मान असा मोठा असला, तरी तिचे काम अपुरे असते, हे तिला पुजणाऱ्या गृहिणीइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? जड केर सुपलीत येतो. बारीक धूळ मात्र हवेत उठते आणि घटकाभराने फडताळावर, गादीवर, तसबिरींच्या चौकटींवर पुन्हा येऊन बसते. झाडणे म्हणजे पुष्कळ वेळा धुळीची बदली करणे होय, बडतर्फी नव्हे.

या अडचणीवर विसाव्या शतकाच्या आरंभी पाश्चात्य देशांत जो उपाय निघाला, तो म्हणजे व्हॅक्युम क्लीनर. त्याचा इतिहास सामान्यतः मोटारीचा इतिहास म्हणून सांगितला जातो: पूर्वी मोटार मोठी होती, मग लहान झाली, आणि यंत्र घरोघर गेले. हे खरे आहे, पण अर्धेच खरे आहे. ओढून घेतलेली धूळ कोठेतरी साठवावी लागते. जेथे साठवावयाची ती पेटी हवाबंद असावी लागते. आणि हवाबंद केलेली पेटी आज ना उद्या उघडावीच लागते. मोटारीचा प्रश्न काही वर्षांत सुटला. पेटीचा आणि झाकणाचा प्रश्न शंभर वर्षे पुरला.

ह्यूबर्ट सेसिल बूथ हा इंग्रज अभियंता पूल आणि जत्रेतील प्रचंड पाळणे बांधणारा. १९०१ साली लंडनच्या एम्पायर म्युझिक हॉलमध्ये त्याने एक अमेरिकन यंत्र पाहिले. ते वाऱ्याच्या झोताने धूळ उडवून देई. धूळ उडविण्यापेक्षा ओढून का घेऊ नये, असे बूथने विचारले, तेव्हा ते अशक्य आहे असे त्याला सांगण्यात आले. बूथने एका उपाहारगृहात खुर्चीच्या गादीवर हातरुमाल ठेवला, त्यावर तोंड टेकवून जोराने श्वास आत ओढला, आणि रुमालाच्या खालच्या बाजूस उमटलेला काळा डाग पाहून तो समाधान पावला. त्याच वर्षी त्याने आपल्या यंत्राचा एकस्वाधिकार मिळविला. ते यंत्र घोडागाडीवर बसविलेले असे. गाडी रस्त्यात उभी राही आणि तिच्या लांब नळ्या खिडक्यांतून दिवाणखान्यात शिरत. १९०२ मध्ये एडवर्ड राजाच्या राज्यारोहणाच्या वेळी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे याच यंत्राने साफ झाले. धूळ धावताना दिसावी म्हणून नळीच्या वाटेत पारदर्शक भागही ठेवलेला असे; आणि ती पाहावयास सरदार-घराण्यांतील स्त्रिया चहाच्या निमित्ताने जमत. धूळ साठण्याची जागा घराबाहेर, रस्त्यावर होती, आणि ती उघडून रिकामी करण्याचे काम बूथच्या गणवेषधारी नोकरांचे होते. चहा पिणाऱ्यांना त्या झाकणाशी काही कर्तव्य नव्हते.

अमेरिकेत ओहायो राज्यातील कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर हा एका मोठ्या दुकानात झाडलोटीचे काम करी. त्याला दम्याचा विकार होता. झाडताना उठणारी धूळ ही त्याच्या दृष्टीने टापटिपीची नव्हे, तर श्वासाची बाब होती. पंख्याची मोटार, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा यांची सांगड घालून त्याने एक यंत्र जुळविले. १९०८ च्या जून महिन्यात त्याला त्याचे पेटंट मिळाले, आणि पुढे हे हक्क चामड्याच्या वस्तू करणाऱ्या विल्यम हूव्हर याने घेतले. दांड्याला पिशवी लटकलेले, उभ्याने ढकलावयाचे यंत्र ते हेच. त्यात धूळ प्रथम पंख्यातून जाते आणि पंखा ती पिशवीत फुंकतो. पिशवी बाहेर उघड्यावर फुगलेली असल्याने तिला पेटी नको आणि पेटी नसल्याने झाकणही नको. सोय मोठी, तथापि फुगलेल्या कापडाच्या विणीतून बारीक धूळ खोलीत परत येई. दम्याच्या रोग्याने शोधलेल्या यंत्रात हा दोष राहून जावा, हा दैवाचा एक विचित्र खेळच म्हणावा लागेल.

दुसरी वाट युरोपात निघाली. १९०८ साली व्हिएन्नातील एका दुकानाच्या खिडकीत आक्सेल वेनर-ग्रेन या स्वीडिश तरुणाने एक अवजड सफाईयंत्र पाहिले. हे हलके आणि स्वस्त झाले तर घरोघर खपेल, हे त्याच्या मनाने घेतले. १९१९ मध्ये इलेक्ट्रोलक्स ही संस्था आकारास आली, आणि १९२१ मध्ये तिचे ‘मॉडेल पाच’ बाजारात आले: जमिनीवर आडवे पडलेले नळकांडे, आणि खाली घसरगाडीला असतात तशा दोन पट्ट्या. मागे मोटार व पंखा, पुढे पिशवी, आणि पिशवीच्या तोंडाशी झाकण. येथे क्रम उलटला. धूळ पंख्याकडे पोहोचण्यापूर्वीच पिशवीत अडते, आणि पंखा पिशवीच्या पलीकडून हवा ओढतो. त्यासाठी पिशवीभोवतीचा सारा अवकाश हवाबंद हवा. ज्या दिवशी पिशवी पंख्याच्या अलीकडे आली, त्या दिवशी झाकण या यंत्राचे मर्मस्थान झाले.

या झाकणाचे शास्त्र यंत्राहून पुष्कळ जुने आहे. जर्मनीतील माग्देबुर्ग नगरीचा नगराध्यक्ष ओटो फॉन गेरिके याने १६५७ मध्ये तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांवर बसविले. मध्ये मेण व टर्पेंटाइनमध्ये भिजविलेले चामड्याचे कडे ठेवले, आतली हवा पंपाने काढून टाकली, आणि दोन्ही बाजूंस आठ-आठ घोडे जुंपले. अर्धगोल सुटेनात. त्यांना ना कडी होती ना खिळा. बाहेरची हवाच त्यांना दाबून धरीत होती. तोटी उघडून हवा आत सोडली की तेच गोल हाताने विलग होत. धातूच्या दोन कडा, मध्ये मऊ कडे, आणि बाहेरच्या हवेचा दाब, ही सफाईयंत्राच्या झाकणाची सारी कुळकथा.

व्हॅक्युम हा शब्द मात्र या यंत्राला थोडा अधिक मानाचा आहे. त्यात निर्वात अशी स्थिती केव्हाच नसते. नळीचे तोंड पूर्ण बंद केले तरी चांगल्या यंत्रात आतला दाब बाहेरच्यापेक्षा फार तर पाचव्या हिश्शाने कमी होतो. पण तेवढ्यानेही काय घडते पाहावे. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलोग्रॅम. झाकण २५ सेंटीमीटर व्यासाचे असेल, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४९० चौरस सेंटीमीटर. पाचवा हिस्सा धरला तरी त्या झाकणावर सुमारे १०० किलोग्रॅमचा भार येतो. एखादा धिप्पाड गृहस्थ त्यावर उभा राहावा तसा. पेटीच्या भिंतींवरही तोच दाब. सपाट पत्रा अशा वेळी आत वाकतो. गोलाई असलेली भिंत कमानीप्रमाणे भार वाटून घेते. इलेक्ट्रोलक्सचे यंत्र नळकांड्याच्या आकाराचे झाले, त्याला हे एक भक्कम कारण होते. पुढे प्लॅस्टिक आले आणि पेट्या चौकोनी झाल्या, तेव्हा त्यांच्या आतील अंगास उभ्याआडव्या बरगड्या ओताव्या लागल्या.

मग एवढा भार झाकणाला आपोआप दाबून धरीत असेल, तर त्याला कडी कशाला? ही शंका योग्य आहे. १९५९ पासून भारतात मिळणाऱ्या हॉकिन्स कुकरचे झाकण आतून बसते, आणि वाफच ते काठाशी घट्ट धरते. तेथेही दाब झाकणाच्या बाजूने लढतो. पण कुकर काय किंवा सफाईयंत्र काय, पहिला क्षण अवघड असतो. मोटार सुरू होण्यापूर्वी रबरी कडे सर्व बाजूंनी सारखे दबलेले नसेल, तर फटीतून हवा आत शिरते, दाब उतरतच नाही, आणि झाकणाला धरून ठेवणारी शक्तीच निर्माण होत नाही. कडीचे काम भार पेलण्याचे नव्हे, सुरुवात करून देण्याचे असते. म्हणून चांगल्या यंत्राची कडी नुसती अडकत नाही. मध्यबिंदू ओलांडून खाली बसणारा तिचा चाप अखेरच्या एक-दोन मिलिमीटरांत झाकण खाली खेचतो. एका बाजूस बिजागरी आणि समोर एकच कडी असेल, तर मधल्या दोन बाजूंना झाकण किंचित उचलले जाते. त्यासाठी झाकण ताठ हवे, आणि काठाला खोबण हवी. शिवाय कडीला आणखी एक जाच आहे. गृहिणी हे यंत्र नळीला धरून ओढते, आणि नळी बहुधा झाकणातच बसविलेली असते. तेव्हा घरभर फिरताना दर हिसका झाकणावर येतो.

फट पडली तर धूळ बाहेर येते, असा समज आहे. पिशवीवरच्या झाकणाच्या बाबतीत तो चुकीचा आहे. तेथे हवा बाहेरून आत जाते. धूळ उडत नाही, पण नळीच्या टोकाशी ओढ उरत नाही. यंत्र पूर्वीसारखेच गरजते आणि गालिचा मात्र होता तसाच राहतो. खरा घात पिशवीच्या गळ्याशी होतो. नळीचे तोंड आणि पिशवीचे तोंड यांचा सांधा ढिला असेल, तर धूळ पिशवीला वळसा घालून मोटारीत शिरते. या कारणास्तव पुढे अनेक यंत्रांत अशी योजना झाली, की पिशवी नसेल वा नीट बसली नसेल तर झाकण मिटतच नाही. माणसाच्या स्मरणशक्तीवर न विसंबता लोखंडाच्या खिटीवर विसंबण्याचा हा शहाणपणा पुष्कळ कचेऱ्यांनीही उचलावा असा आहे.

१९३७ मध्ये लुरेल गिल्ड या अमेरिकन आरेखकाने इलेक्ट्रोलक्सच्या ‘मॉडेल तीस’ला रूप दिले. झळझळीत क्रोमच्या पट्ट्या, चामड्यासारखे वेष्टन, आगगाडीच्या इंजिनाची आठवण करून देणारा डौल. हे यंत्र ब्रुकलिनच्या कलासंग्रहालयात जाऊन बसले आहे. सौंदर्याविषयी वाद नाही. परंतु त्या चकाकत्या तोंडामागे कापडी पिशवी होती, आणि ती भरली की कोणीतरी झाकण उघडून ती झटकणे प्राप्त होते. आठवडाभर खोलीखोलीतून गोळा केलेली धूळ त्या क्षणी एकाच माणसाच्या नाकातोंडाशी येई. यंत्र विकत घेणारा आणि झाकण उघडणारा हे दोघे बहुधा एक नसत. जाहिरातीत पहिल्याचे घर दिसे. दुसऱ्याचे फडक्याने बांधलेले तोंड दिसत नसे.

कागदी पिशवी आली तेव्हा या माणसाचा विचार प्रथम झाला, असे म्हणता येईल. ती झटकायची नसते, फेकायची असते. १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रोलक्सच्या काही अमेरिकन यंत्रांत आणखी चतुराई आली: पिशवी भरली आणि आतला दाब ठराविक मर्यादेखाली गेला, की यंत्र आपण होऊन थांबे आणि झाकण उघडे. १९५४ मध्ये हूव्हर कंपनीने ‘कॉन्स्टेलेशन’ नावाचा गोल क्लीनर काढला. मध्यरेषेवर जुळणारे दोन अर्धगोल! गेरिकेचे गोल तीनशे वर्षांनी दिवाणखान्यात आले, फक्त घोडे तेवढे नव्हते. पुढे हाच गोल मागून निघणाऱ्या हवेच्या गादीवर जमिनीलगत तरंगू लागला.

इंग्लंडमध्ये १९८१ पासून विकला जाणारा ‘हेन्री’ याहून साधा आहे. खाली बादली, वर झाकण. आणि मोटार झाकणातच. दोन चाप काढले की यंत्राचे डोके उचलून बाजूस ठेवता येते. मोटारीचे वजनच रबरी कड्याला दाबून धरते, त्यामुळे जुन्या झालेल्या चापांवाचूनही काम फारसे अडत नाही. झाडलोटीवर पोट असलेल्या लोकांत हे यंत्र प्रिय झाले, ते त्यावर रंगविलेल्या हसऱ्या चेहऱ्यामुळे नव्हे.

जेम्स डायसनने पिशवीच काढून टाकली. पाच हजारांवर नमुने करून १९९३ मध्ये त्याने जे यंत्र आणले, त्यात हवा भोवऱ्यासारखी फिरते आणि धूळ पारदर्शक भांड्याच्या कडेला फेकली जाते. धूळ दिसावी ही बूथची हौस अशी पुन्हा अवतरली. पण पिशवीबरोबर तिचे बंद तोंडही गेले. भांडे केराच्या डब्यावर धरून खालचे झाकण सोडले, की बारीक धुळीचा लोट वर येतो. दम्याच्या रोग्यांना पिशवीचेच यंत्र घ्यावे, आणि पिशवी काढताना तिचे तोंड आपोआप मिटेल असे पाहावे, असा सल्ला म्हणूनच मिळतो.

भारतात हे यंत्र घराघरात पोहोचविण्याचा मोठा उद्योग १९८२ मध्ये सुरू झाला. फोर्ब्स आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स यांच्या भागीदारीतून निघालेल्या युरेका फोर्ब्सचे विक्रेते मुंबई-पुण्यापासून दूरच्या शहरांपर्यंत दारोदार फिरले. वेनर-ग्रेनने वापरलेली विक्रीची रीत ती हीच. येथील घरांत गालिचे थोडे आणि फरशी फार, म्हणून विक्रेता गादीवर प्रयोग करी. मग झाकणाचे चाप काढून तो आतली राखाडी भुकटी घरच्या मंडळींपुढे ठेवी. मंडळी चकित होत, यंत्र खरेदी होई. ती भुकटी पुढे कोण रिकामी करणार, याची चर्चा त्या बैठकीत होत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला येणाऱ्या बाईला झाकण कसे उघडावयाचे ते दाखविण्यात येई.