ईशशास्त्राच्या प्रमुख शाखा : एक परिचय

“आमचे भाविक रामकुंडात स्नान करतात. तुमच्याकडेही स्नानसंस्कार आहे. मग या दोहोंत भेद कोणता?” पंचवटीत राहणाऱ्या कॅथोलिक कुटुंबाला शेजाऱ्यांकडून असा प्रश्न केव्हाही विचारला जाऊ शकतो. आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्यास सौम्यतेने व आदराने उत्तर देण्यास सदैव सिद्ध असावे, असा बोध संत पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे. असे उत्तर देण्यासाठी श्रद्धा समजून घ्यावी लागते. श्रद्धेच्या या पद्धतशीर चिंतनाला आपण ईशशास्त्र म्हणतो. संत अन्सेल्म (१०३३-११०९) यांच्या मते आकलनाचा शोध घेणारी श्रद्धा म्हणजेच ईशशास्त्र होय.

ईशशास्त्र एकच आहे. त्याच्या शाखा प्रश्नांनुसार झाल्या आहेत. स्नानसंस्काराच्याच उदाहरणावरून आपण त्यांचा परिचय करून घेऊ या.

मूलभूत ईशशास्त्र : देव मानवाशी बोलतो का, त्याचे प्रकटीकरण कसे ओळखावे आणि श्रद्धा व बुद्धी यांचे नाते काय, याचा विचार ही शाखा करते. अन्य धर्मांशी संवादही येथे येतो. इतर धर्मांतील सत्य व पवित्र गोष्टींचा ख्रिस्तसभा अव्हेर करीत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केले. म्हणून शेजाऱ्याच्या प्रश्नाला आदरानेच उत्तर द्यावे.

पवित्रशास्त्रीय ईशशास्त्र : ७३ ग्रंथांच्या बायबलचा हा अभ्यास आहे. यार्देन नदीत प्रभू येशूचा बाप्तिस्मा आणि सर्व राष्ट्रांना बाप्तिस्मा देण्याची त्याची आज्ञा यांचा अर्थ येथे उलगडतो. पवित्र शास्त्राचा अभ्यास हा ईशशास्त्राचा आत्मा आहे, असे त्याच परिषदेने म्हटले आहे.

सिद्धांतात्मक ईशशास्त्र : त्रैक्य, ख्रिस्त, ख्रिस्तसभा, पवित्र मरीया व सात संस्कार हे याचे विषय आहेत. शेजाऱ्याच्या प्रश्नाचे मुख्य उत्तर येथे मिळते. तीर्थस्नान पुन्हा पुन्हा करता येते, स्नानसंस्कार मात्र आयुष्यात एकदाच होतो. त्याने पापांची क्षमा होते, मनुष्य ख्रिस्ताच्या मरणात व पुनरुत्थानात सहभागी होतो आणि त्याच्या आत्म्यावर कायमची मुद्रा उमटते. निकेया (३२५) व कॉन्स्टँटिनोपल (३८१) या महासभांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या श्रद्धाविधानात आपण हाच एक स्नानसंस्कार कबूल करतो.

नैतिक ईशशास्त्र : संस्कारानंतर कसे जगावे? दहा आज्ञा आणि पर्वतावरील प्रवचन हा याचा पाया आहे. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी सृष्टीच्या जतनाविषयी ‘लाउदातो सी’ हे परिपत्र प्रसिद्ध केले. त्या दृष्टीने गोदावरीच्या पाण्याची निगा हाही आपला नैतिक विषय ठरतो.

उपासनाविषयक ईशशास्त्र : पाणी, पवित्र तेल, शुभ्र वस्त्र व पेटती मेणबत्ती या चिन्हांचा अर्थ ही शाखा सांगते.

आध्यात्मिक ईशशास्त्र : प्रार्थना व पावित्र्य यांतील वाटचालीचा अभ्यास येथे होतो.

मेषपालीय ईशशास्त्र : बालकाच्या आईवडिलांची व धर्ममातापित्यांची तयारी कशी करावी, यासारखे प्रश्न ही शाखा हाताळते. धर्मसंहिता तिच्या मदतीस येते. प्राणसंकटात, योग्य हेतू असल्यास, कोणतीही व्यक्ती स्नानसंस्कार देऊ शकते, हा नियम प्रत्येक घरात ठाऊक असावा.

हे ज्ञान केवळ धर्मगुरूंसाठी आहे, असा समज आढळतो. परंतु १९८३ च्या धर्मसंहितेचे २२९ वे कलम प्रापंचिकांनाही ईशशास्त्राच्या उच्च अभ्यासाचा हक्क देते. १९७० साली धर्मपंडिता म्हणून गौरविलेल्या सिएनाच्या संत कॅथरिन मठवासी नव्हत्या. तसेच येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात प्रसिद्ध झालेले ‘ख्रिस्तपुराण’ ओवीबद्ध मराठीत रचले ते सामान्य श्रद्धावंतांसाठीच.

ज्यांना आरंभ करावयाचा आहे त्यांनी १९९२ साली प्रसिद्ध झालेली कॅथोलिक ख्रिस्तसभेची श्रद्धाशिकवण हाती घ्यावी. श्रद्धा, संस्कार, ख्रिस्ती जीवन व प्रार्थना हे तिचे चार भाग आहेत. रोज एक परिच्छेद कुटुंबात वाचला, तरी शेजाऱ्याच्या प्रश्नाला आपण आपल्या मराठीत, शांतपणे उत्तर देऊ शकू.