इंजिन तपासायला केवढा संगणक लागतो?

मालवण, सर्जेकोट, देवगडच्या बंदरांवर इंजिन दुरुस्तीचा विषय निघाला की हल्ली एक मत हमखास ऐकू येते. चाचणीचे सॉफ्टवेअर चालवायचे, तर बाजारातला सर्वांत वेगवान संगणक घ्यावा. नवा प्रोसेसर, भरपूर रॅम, जमल्यास वेगळे ग्राफिक्स कार्डही. या मताची बाजू आधी नीट मांडली पाहिजे. इंजिन मिनिटाला हजारो फेरे घेते, तेव्हा मंद संगणकाच्या हातून नेमका हवा तो क्षण निसटेल. सॉफ्टवेअर दरवर्षी जड होत जाते. आणि खर्च एकदाच करायचा, तर यंत्र दहा वर्षे टिकावे. तिन्ही मुद्दे ऐकताना पटतात. निवाडा वाचकांनी करावा.

पहिला मुद्दा गणिताचा आहे, तेव्हा गणितच करू. ट्रॉलरचे सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन मिनिटाला २००० फेरे घेते असे धरा. म्हणजे सेकंदाला साधारण ३३. क्रँकशाफ्टच्या प्रत्येक अंशाला प्रत्येक सिलिंडरमधला दाब टिपला, तर सेकंदाला सिलिंडरमागे १२,००० नोंदी होतात, सहांच्या मिळून ७२,०००. नोंदीला दोन बाइट धरले, तर बिटांत हा आकडा साडेअकरा लाखांच्या आसपास जातो. २००० साली आलेल्या यूएसबी २.० ची कागदावरची क्षमता सेकंदाला ४८ कोटी बिटांची! मग निसटते काय? मोठ्या डिझेल इंजिनांचा ईसीयू, म्हणजे इंजिनावरचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, ज्या जे-१९३९ जोडणीवरून बोलतो, ती तर बहुधा सेकंदाला अडीच लाख बिटांवरच चालते. संगणक दुप्पट वेगवान घेतला म्हणून इंजिन दुप्पट बोलत नाही.

शिवाय तो क्षण संगणक पकडतच नाही. तो पकडते डेटा ॲक्विझिशनचे यंत्र, स्वतःच्या घड्याळावर आणि क्रँकशाफ्टला लावलेल्या एन्कोडरच्या इशाऱ्यावर. विंडोज ठरल्या क्षणी ठरलेले काम करण्याची हमी देत नाही. ऐन मोजणीत ती अँटिव्हायरसकडे वळेल. ही हमी प्रोसेसरच्या वेगाने विकत मिळत नाही. आणि ज्या होड्यांच्या इंजिनांना यांत्रिक पंप आहे, ईसीयूच नाही, तिथे स्कॅनर जोडणार तरी कुठे? तिथे पैसा सेन्सरवरच घालावा लागतो.

दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, पण अर्धेच. वर्कशॉपातली अडचण बहुतेकदा उलटी असते: सॉफ्टवेअर जुने, संगणक नवा. १६-बिटांचे प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर चालतच नाहीत. जुन्या उपकरणांना लागणारे आरएस-२३२ चे पोर्ट नव्या लॅपटॉपवर सहसा नसते, मग यूएसबीचा कन्व्हर्टर आणावा लागतो. अशा कन्व्हर्टरांतल्या एका प्रचलित चिपमध्ये विलंबाची मूळ मर्यादा १६ मिलिसेकंद असते. वरच्या इंजिनाचा तेवढ्यात अर्ध्याहून जास्त फेरा होतो! सेटिंग बदलून ती कमी करता येते, हे खरे. पण ते माहीत हवे, आणि दुकानदार ते सांगत नाही.

तिसरा मुद्दा टिकाऊपणाचा. दहा वर्षे, पण कोणत्या हवेत? पुण्याच्या बंद खोलीत की मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्यावर? वेगवान प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड तापतात, म्हणून त्यांना जोरदार पंखे लागतात, आणि ते पंखे किनाऱ्यावरची खारी, दमट हवा थेट सर्किट बोर्डावर ओढून घेतात. ज्या गुणासाठी जादा पैसे मोजले, तोच यंत्राचा आधी घात करतो. इथे हवा बिनपंख्याचा, बंद बांधणीचा संगणक. त्यात एसएसडी हवी, कारण इंजिनाच्या थरथरीत फिरती हार्डडिस्क धोक्यात येते. आणि उन्हात वाचता येईल असा पडदा हवा. बॅटरीही दणकट हवी. पावसाळ्यात वीज जाते म्हणून तर हवीच, पण चार्जर जोडलेला असला की अर्थिंगच्या वाटेने सेन्सरच्या रेषेत गोंगाट शिरू शकतो, म्हणूनही. मोजणी बॅटरीवर करावी.

दहनाचे संगणकीय प्रारूप चालवायचे असेल, तर मात्र वेगवान यंत्र मागणारे बरोबर आहेत. कुंभारमाठच्या शासकीय तंत्रनिकेतनातल्या एखाद्या विद्यार्थ्याने ते मागितले, तर मी त्याची बाजू घेईन. पण ते प्रारूप, चाचणी नव्हे. होडीवर इंजिन तपासणाऱ्याने मध्यम संगणक घ्यावा आणि उरलेल्या पैशांत दाबाचा चांगला सेन्सर आणि एन्कोडर घ्यावा.