आमची थेटरं

स्मरणिकेच्या मंडळींनी "काहीतरी जुनं लिहा" म्हणून मागे लागून लिहायला बसवलं. जुनं म्हटलं की मला लालबाग आठवतं, आणि लालबाग म्हटलं की 'भारतमाता'.

तसा मुंबईच्या सिनेमाचा इतिहास गिरगावातच सुरू झाला. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी तिथल्या कोरोनेशनमध्ये लागला. पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ला मॅजेस्टिकमध्ये आला. आज ही दोन्ही थेटरं नाहीत. आम्हा गिरणगावकरांचं विश्व मात्र लालबाग ते दादर एवढंच. दादरला व्ही. शांताराम यांचं प्लाझा, पलीकडे कोहिनूर. १९७१ साली कोहिनूरला 'सोंगाड्या' लावण्यावरून वाद झाला, तेव्हा बाळासाहेब ठाकरे दादा कोंडक्यांच्या पाठीशी उभे राहिले. ही गोष्ट आमच्या चाळीत प्रत्येक जण स्वतः तिथे हजर असल्यासारखी सांगायचा!

'भारतमाता' म्हणजे मराठी सिनेमाचं हक्काचं घर. पाळी सुटली की कामगार डबा हातात घेऊनच रांगेत उभे राहायचे. केसांत कापसाची पिंजर तशीच. हाउसफुल्लचा बोर्ड लागला की ब्लॅकवाल्यांची कुजबुज सुरू. आत अंधारात डोअरकीपरची बॅटरी, मध्यंतरात वडे आणि सोड्याच्या बाटल्या. विनोदाला एकदम सगळं थेटर हसायचं. तसं हसू घरच्या टीव्हीसमोर येत नाही.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. बाबा साच्यावर होते. पहिले दोन-तीन महिने बरे गेले, मग आईच्या पाटल्या गेल्या, मग वाण्याची उधारी. सिनेमाचं नावसुद्धा कोणी काढत नसे. त्या दिवाळीत माझा हट्ट बघून बाबा मला 'भारतमाता'ला घेऊन गेले. खिडकीवर त्यांनी एकच तिकीट काढलं.

"तुम्ही?"

"मी बघितलाय रे. तू जा. मी हितंच आहे."

मी बारा वर्षांचा. आनंदात आत पळालो. सुटल्यावर बाहेर आलो तर बाबा त्याच खांबाला टेकून उभे. घरी जाताना म्हणाले, "हं, सांग आता. पहिल्यापासून सांग."

मी सांगत गेलो. ते ऐकत होते, हसत होते. चिंचपोकळीच्या पुलाजवळ आलो तेव्हा त्यांनी विचारलं, "मग शेवटी काय झालं?"

मी शेवट सांगितला. त्यांनी बघितलेला सिनेमा ते मला का विचारत होते, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. कळलं तेव्हा विचारायचा धीर झाला नाही.

गिरणी पुन्हा त्यांच्या वाट्याला आली नाही. आपली सोसायटी झाली तेव्हा ते आमच्याबरोबर इथे राहायला आले. जुन्या सभासदांना आठवत असेल, पहिल्या गणपतीत आपण गच्चीवर चादर बांधून सिनेमा दाखवला होता. बाबा तासभर आधीच पहिल्या रांगेत जाऊन बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून.

आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, ती चादर कधीच सुटली. यंदा रौप्यमहोत्सवाला पुन्हा बांधूया का? मराठी सिनेमा लावा. वड्यांचा खर्च माझ्याकडे.